सरांचं पाऊल

दारावर टकटक झाली आणि तिनं डोळे आणखी घट्ट मिटून घेतले.

टकटक जोराची नव्हती. जोराची असती तर निदान रागावता तरी आलं असतं. सासरे दार बोटाच्या एका पेरानं वाजवायचे, मग समोरच्याला उठायला पुरेल इतका वेळ थांबायचे आणि पुन्हा तितक्याच हळू वाजवायचे. शाळेत लहान मुलांना खेळ शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांच्याइतका धीर तिनं दुसऱ्या कुणात पाहिला नव्हता, आणि त्या धीरानंच तिच्या नाकी नऊ आणले होते.

"उठलीस का?" दाराबाहेरून आवाज आला.

"उठले."

"पाय जमिनीला लागले का?"

तिनं पांघरुणातून एक पाय बाहेर काढून फरशीला टेकवला आणि तोंडातल्या तोंडात किंचाळली. "लागला!"

"लागला म्हणजे एकच. दुसरा?"

शेजारी नवरा कूस बदलत पुटपुटला, "आज राहू दे ना. बाहेर केवढा गारठा आहे."

"हे मला नको सांगू, तुझ्या वडिलांना सांग."

नवऱ्यानं पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं. तो लोकांच्या स्वयंपाकघरांत कपाटं बसवायचा. दिवसभर भिंतींशी, बिजागऱ्यांशी आणि गिऱ्हाइकांशी तो न थकता भांडू शकत असे, पण वडिलांसमोर त्याच्या तोंडातून ब्र निघत नसे. दोघांच्या मध्ये लेक आडवी झोपली होती. आईची जागा रिकामी झाली की थंडी थेट आपल्यालाच लागते हे तिला कळून चुकलं होतं, त्यामुळे अलीकडे रोज रात्री आईचा एक बूट कुठेतरी गायब होई. काल तो बादलीत सापडला होता. आज पावाच्या डब्यामागे होता, आणि त्यात पावाचा चुरा होता.

बुटातला चुरा झटकताना तिला वाटलं, आपल्याला या घरात कुणी सुखानं पळू देणार नाही, आणि सुखानं झोपूही देणार नाही.

पण पळायचं तर होतंच. तिला अग्निशमन दलात जायचं होतं. लेखी परीक्षा झाली होती, दोरावर चढणं, शिडी खांद्यावर घेणं, सगळं उन्हाळ्यातच पार पडलं होतं. फक्त धावण्यात ती मागे पडली, तीही थोडक्यात. धावण्याची परीक्षा हिवाळ्याच्या शेवटी पुन्हा होणार होती, आणि पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार होती. म्हणजे ही एकच संधी. ती हुकली की रुग्णालयाच्या धुलाईखान्यात वाफेच्या रोलरखालून निघणाऱ्या चादरींच्या घड्या घालत बसायचं, ते थेट म्हातारपणापर्यंत.

घड्या घालायला तिची ना नव्हती. पण दोन वर्षांपूर्वी त्याच धुलाईखान्यात, कपडे वाळवायच्या यंत्रामागे साचलेल्या तुसानं पेट घेतला होता. सगळ्याजणी बाहेर पळाल्या आणि आत गेलेल्यांत एक बाई होती, पाण्याचा जाडजूड पाइप काखेत धरलेली. बाहेर येताना काळ्या तोंडानं तिनं हिला विचारलं होतं, "हात पोळला का? दाखवा बघू." एवढंच. पण तेव्हापासून हिच्या डोक्यात दुसरं काही शिरलंच नव्हतं.

हे सगळं सासऱ्यांना सांगितलं हीच मोठी चूक झाली, असं तिला या हिवाळ्यात रोज वाटायचं.

त्यांनी लगेच जबाबदारी घेतली होती. पहिल्याच दिवशी त्यांनी नियम सांगितला. "घरात मी बाबा. मैदानावर सर. घरात मला काहीही म्हण, जेवायला उशीर झाला तर चालेल, रुसलीस तरी चालेल. मैदानावर तू विद्यार्थिनी."

मैदान म्हणजे बंद पडलेल्या साबणाच्या कारखान्याच्या भिंतीलगतचा सरळ रस्ता. सुरुवात पंपघराच्या दारापासून. तिथून भिंतीच्या कडेनं जायचं, ठरलेल्या खुणेला पाय लावून वळायचं, परत यायचं, पुन्हा जायचं. खूण सरांनी स्वतःच्या पावलांनी मोजून काढली होती. शाळेत असताना ते दरवर्षी शर्यतीची मैदानं पावलांनीच आखायचे. गावातल्या दुसऱ्या शाळाही त्यांना बोलवायच्या. नंतर कुणी फीत लावून बघितली तर वीतभराचाही फरक निघत नसे, हे ते कौतुकानं नाही, साधी माहिती सांगावी तसं सांगायचे.

"फोनवर मोजता येतं हल्ली," ती एकदा म्हणाली होती.

"फोन घरी ठेवायचा. खिशात फोन असला की धावणाऱ्याचं अर्धं लक्ष मांडीपाशी असतं."

तेव्हापासून फोन घरी.

आजही पंपघरापाशी पोचल्यावर लगेच पळायला मिळालं नाही. आधी घोटे, मग गुडघे, मग खांदे. सर प्रत्येक गोष्ट आधी स्वतः करून दाखवायचे, मग तिच्याकडून करून घ्यायचे, मग ती कशासाठी करायची ते समजावून सांगायचे. ते समजावणं आदल्या दिवशीही झालेलं असायचं.

"हात कसे धरायचे?"

"माहीत आहे, सर."

"माहीत असेल. दाखव."

तिनं दाखवलं.

"मुठीत काय आहे असं समजायचं?"

"पाखराचं पिलू." तिनं दातओठ खात उत्तर दिलं. ती एका मुलीची आई होती, एका पाळीत ढीगभर चादरी हातावेगळ्या करत होती, आणि इथं सगळ्या रस्त्यासमोर हवेतलं पाखराचं पिलू धरून उभी होती. "सोडायचं नाही आणि चुरगळायचं नाही."

"शाब्बास!" सर इतक्या मोठ्यानं म्हणाले की पलीकडच्या बसथांब्यावरच्या दोन माणसांनी वळून पाहिलं. त्यातला एक तर रोज पाहायचा. मागच्या आठवड्यात त्यानं तिला दुकानात ओळखून विचारलं होतं, "काय, पिलू कसं आहे?"

मग मात्र ती पळाली. नाकातून घुसलेली हवा कपाळात जाऊन टोचत होती. डोळ्यांत पाणी येऊन गालावर गार पडत होतं. येताना-जाताना सरांचा आवाज, "हात! हात!" शेवटच्या फेरीनंतर ती पंपघराच्या दाराला टेकली तेव्हा सरांनी घड्याळ तिच्यासमोर धरलं. ठरलेल्या वेळाच्या आत. चांगलीच आत.

"आज परीक्षा असती तर?" त्यांनी विचारलं.

"पास."

"नुसती पास नाही. आरामात पास." त्यांचा चेहरा असा फुलला की तिचा सकाळपासूनचा राग क्षणभर कुठे गेला तेच तिला कळेना. घरी जाताना ते पुन्हा बाबा झाले आणि म्हणाले, "चहा मी टाकतो. तू पाय शेकत बस."

असं सगळं सुरळीत, म्हणजे वैताग आणणारं पण सुरळीत चाललं होतं. मग एके रात्री बर्फ पडला.

फार नव्हता, पिठाची चाळण झटकावी तेवढाच. पण रस्त्यावर खडूनं मारलेली वळायची खूण त्याखाली गेली.

"पुन्हा मोजावी लागेल," सर म्हणाले.

"कशाला? तो भिंतीवरचा गंजका पाइप आहे ना, त्याच्या समोरच होती की खूण."

"अंदाजानं वळायचं नाही. थांब."

आणि ते निघाले. मुलाचे जाड बूट, आत दोन-दोन मोजे, मान ताठ, ओठ हलतायत. ती पंपघराच्या दारात काखेत हात घालून कुडकुडत उभी राहिली. एक माणूस चालत जाऊन परत येईस्तोवर किती थंडी वाजू शकते याचा तिला त्या दिवशी साक्षात्कार झाला. शेवटी लांबवर सर थांबले, टाचेनं बर्फ खरवडून त्यांनी रेघ मारली आणि हात वर केला.

ती पळत सुटली. रेघेपाशी पोचली, पाय लावला, आणि वळता वळता तिला पाइप दिसला. तो अजून पुढे होता.

"सर, पाइप तर तिकडे आहे!"

"पळताना बोलायचं नाही!"

"पण खूण पाइपासमोर होती!"

"मग पाइप सरकला असेल," सर अगदी गंभीरपणे म्हणाले. "पाऊल चुकत नाही. पळ!"

परत येताना तिची नजर सहज खाली गेली. बर्फात दोन रांगा उमटल्या होत्या. एक तिच्या बुटांची, लांब लांब अंतरावर. दुसरी सरांची. सरांचे ठसे एकापुढे एक इतके जवळ होते की एकाची टाच दुसऱ्याच्या चवड्याला लागेल की काय असं वाटत होतं. लेक तिच्या आजीच्या जुन्या सपाता घालून घरभर फिरायची तेव्हा जशी पावलं टाकायची, तशी ही पावलं होती.

ती एकदम थबकली.

"का थांबलीस?"

"काही नाही. पाय घसरला."

ती पुन्हा पळू लागली, पण आता तिला सगळं दिसत होतं. दुखरा गुडघा, जड बूट, निसरडा रस्ता, आणि त्यांचं वय. शर्यतींची मैदानं आखणारं ते पाऊल केव्हाच आखडलं होतं. त्यांना ते कळलं नव्हतं, कारण आपलं पाऊल आपल्याला कायम तेवढंच वाटतं. आणि जे आज पाइपाअलीकडे पडलं, ते पाइपासमोर खूण केली तेव्हा तरी पुरतं पडलं असेल का?

दुसऱ्या दिवशी तिनं चोरून फोन खिशात घातला. घरी येऊन न्हाणीघरात दार लावून पाहिला. नवी खूण कमी होतीच, पण पाइपासमोरची जुनी खूणही कमी होती. वळण जिथं हवं होतं ती जागा भिंतीच्या पार टोकाला, बंद फाटकाच्याही पुढे होती. आणि तितकं पळायचं म्हटलं तर ती आरामात पास नव्हती. आरामात नाही आणि धापा टाकतही नाही. ती सरळ सरळ नापास होती. सगळा हिवाळा थंडीत कुडकुडून, पाखराचं पिलू धरून, नापास.

न्हाणीघरातल्या स्टुलावर बसून तिला रडावं की बादली लाथाडावी ते सुचेना. तिनं बादली लाथाडली. बादलीतून दुसऱ्या दिवसासाठी आतापासूनच लपवलेला बूट बाहेर पडला.

"तूच सांग त्यांना," रात्री जेवणं झाल्यावर ती नवऱ्याला म्हणाली.

"मी? मी काय सांगू?"

"की त्यांचं मोजमाप चुकलंय. तुझ्या कमरेला दिवसभर फीत असते. तू मोजून दाखव."

नवऱ्यानं घाबरून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आत बाबा नातीला चमच्यांनी त्रिकोण करून दाखवत होते. "अगं, त्यांच्याकडे आता राहिलंय काय? गुडघा गेला, शाळा गेली. ते पाऊल तेवढं आहे. मी नाही बाबा."

"आणि माझी परीक्षा?"

"तू हळूच दोन पावलं पुढं जाऊन वळत जा की."

"दोन पावलं?" तिनं कपाळावर हात मारला. "लोकांच्या ओट्यासाठी सुतभराचा हिशोब करतोस आणि इथं म्हणतोस दोन पावलं?"

धुलाईखान्यात तिच्याबरोबर घड्या घालणाऱ्या मैत्रिणीनं चादरीचं दुसरं टोक धरत निकाल दिला, "सासऱ्याला शिकवणीला ठेवलंस, आता भोग." मग दोघींनी चादर ताणली, टोकं जुळवली, आणि मैत्रीण जरा मऊ आवाजात म्हणाली, "पण मला विचारशील तर मी पण नसतं सांगितलं. माझ्या आईला आता सुईत दोरा ओवता येत नाही. मी आधीच ओवून ठेवते आणि तिला वाटतं तिनंच ओवला."

म्हणून तिनं सांगितलं नाही. नवऱ्याच्या सल्ल्याप्रमाणे खूण ओलांडून पुढे जायचा प्रयत्न मात्र केला. सर त्या दिवशी नेमके खुणेपाशीच उभे होते. त्यांनी तिचा दंड पकडला.

"पुढे कुठे?"

"जरा जास्त पळते, सर. जास्त झालं तर काय बिघडलं?"

"खूप बिघडतं. खुणेवर थांबता आलं पाहिजे. वाटेल तिथं वळायचं असेल तर पळायला कुत्रीही पळतात."

झालं. मग तिनं दुसरा मार्ग काढला. पाळी संपल्यावर, धुलाईखान्याच्या वाफेतून बाहेर पडून, संध्याकाळी ती एकटीच भिंतीच्या टोकापर्यंतची पूर्ण फेरी मारू लागली. घामेजलेल्या पाठीवर गार वारा बसायचा. घरी यायला उशीर व्हायचा, आणि लेक दारातच हिशोब मागायची, "सकाळी पळतेस, संध्याकाळी पळतेस. मग मला केव्हा गोष्ट सांगणार?" आणि सकाळी पाय असे जड असायचे की सरांच्या त्या तोकड्या फेरीतही तिचा वेळ वाढू लागला.

सरांना काळजी वाटू लागली. काळजी वाटली की ते जास्त शिकवायचे. घोटे, गुडघे, खांदे दुप्पट वेळ. पिलू तर आता दोन्ही मुठींत वेगवेगळं. एकदा तर ते तिच्या पुढे पुढे हळूहळू पळत "एक-दो, एक-दो" म्हणू लागले आणि ती मागून त्यांच्या त्या आखूड पावलांकडे पाहत राहिली. तिच्या अंगाचा तिळपापड होत होता, आणि त्याच वेळी ते घसरले तर धरता यावं म्हणून ती दोन हातांपेक्षा जास्त अंतर पडू देत नव्हती. एकाच माणसावर एकाच वेळी इतकं चिडणं आणि त्याच माणसाला इतकं जपणं, यानंच ती जास्त थकत होती.

आठवडाभर असं रेटलं. मग पुन्हा बर्फ पडला. सरांनी पुन्हा खूण मोजली. ती आता आधीच्या रेघेच्याही अलीकडे पडली. तिनं तोंड दाबून सगळ्या फेऱ्या संपवल्या. सरांनी घड्याळ पाहिलं आणि मान हलवली.

"कालच्यापेक्षा वाईट."

ती बुटावरचा बर्फ झटकत राहिली.

"हे बघ," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "पायांत ताकद आहे तुझ्या. मी पाहतोय ना. मन नाही तुझं. थंडीत सगळ्यांचंच मन आळसावतं, त्यात लाज नाही. पण तुला खरंच ही नोकरी हवी आहे का, ते एकदा..."

"फेरी कमी आहे, सर!"

शब्द तोंडातून गेले आणि तिला वाटलं, ते हवेत वाफेसारखे गोठले असते तर पकडून परत तोंडात घातले असते.

"काय म्हणालीस?"

आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता. "फेरी कमी आहे. पहिल्यापासून कमी आहे, आणि दर वेळी आणखी कमी होते आहे. मी आळशी नाही. मी संध्याकाळी वेगळी पळते, पूर्ण पळते, म्हणून सकाळी पाय उचलत नाहीत. आणि मी पास होत नाहीये. एकदाही झाले नाहीये!"

"कोण म्हणतं कमी आहे?"

तिनं रस्त्याकडे बोट दाखवलं.

सरांनी वळून पाहिलं. बर्फात त्यांची रांग स्पष्ट उमटली होती. ते त्या रांगेपाशी गेले. आपला पाय उचलून आपल्याच एका ठशात ठेवला, मग दुसरा पुढच्या ठशात. नंतर गुडघ्यावर हात दाबून त्यांनी जुन्या दिवसांसारखं एक लांब पाऊल टाकायला पाहिलं. पाऊल पडलं, पण ते डगमगले, आणि ती धावत जाऊन त्यांना धरू लागली.

"सोड," ते म्हणाले. "घरी जा आणि त्याला घेऊन ये. फीत घेऊन."

नवरा आला तो झोपेच्या कपड्यांवर कोट, पायांत सपाता आणि हातात पोलादी फीत असा. बसथांब्यावरचा माणूस आज बस सोडून बघत राहिला. लेकही मागून आली, आईचाच एक जुना बूट पायात अडकवून. पंपघराच्या दारापासून मोजायला सुरुवात झाली. फीत संपली की सर टाचेनं रेघ मारायचे, नवरा पुढे जायचा आणि लेक ओरडायची, "ताणून धरा, आजोबा! झोळ पडलाय!" पाइप मागे गेला. बंद फाटक मागे गेलं. भिंतीच्या टोकाला नवऱ्यानं फितीचं टोक जमिनीला टेकवलं आणि वर न बघता म्हणाला, "इथं."

सरांनी मागे वळून आपल्या रेघेकडे पाहिलं. ती खूपच लांब होती.

नवऱ्यानं फीत सोडली आणि ती सर्रकन आत गेली.

"तुला हे कधी कळलं?" सरांनी तिला विचारलं.

"पहिला बर्फ पडला तेव्हा."

"त्याला आठवडा झाला."

"हो. मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल."

"वाटलंच आहे," सर म्हणाले. त्यांचा आवाज चढला, आणि त्या घरात आल्यापासून तिनं तो चढलेला पहिल्यांदाच ऐकला. "वाईट वाटणारच. म्हणून काय झालं? मला वाईट वाटू नये म्हणून तू नापास होणार होतीस? घरात तू मला बाबा म्हणतेस. घरात माणसं एकमेकांचं झाकतात. तुझा चहा पाणचट होतो, मी कधी बोललो?"

"पाणचट होतो?"

"तो विषय नाही आत्ता. मैदानावर तू मला सर म्हणतेस. एवढ्या एवढ्या मुलांना मी पहिल्या दिवशी सांगायचो, सरांचं चुकलं तर हात वर करायचा. आणि ती करायची. नाक गळत असायचं, चड्डी सावरत असायची, पण हात वर. 'सर, तुम्ही रेघ वाकडी मारली.' एकानंही कधी माझी कीव केली नाही. तू केलीस. आणि तो," त्यांनी मुलाकडे बोट केलं, "त्यालाही माहीत होतं ना?"

नवरा फितीचं बटण निरखू लागला.

"आठवडा गेला," सर स्वतःशीच म्हणाले. मग त्यांनी खिशातून खडू काढला, वाकून बर्फ बाजूला केला आणि भिंतीच्या टोकाशी नवी रेघ मारली. रेघ जरा वाकडी गेली. त्यांनी ती पुसली आणि पुन्हा मारली. "उभी काय राहिलीस? पंपघरापाशी जा. पूर्ण पळायचं आहे."

"आत्ता? पुन्हा? मला कामावर जायचंय!"

"मग लवकर पळ."

त्यानंतरच्या दिवसांत ती जितकी वैतागली तितकी आधी कधीच नव्हती. सर आता नवी रेघ रोज फितीनं पडताळून पाहायचे. फितीचं एक टोक नातीकडे. पोरीला या कामाचा इतका अभिमान वाटू लागला की बूट लपवणं बंद झालं आणि "आई, ऊठ ना, मोजायचंय!" असं अंगावर उड्या मारणं सुरू झालं. वेळ काही केल्या पुरेसा कमी होईना. एकदा जवळ यायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा लांब जायचा. संध्याकाळचं पळणं सरांनी बंद केलं. "शाब्बास"ही बंद केलं. त्याऐवजी ते घड्याळ दाखवायचे आणि म्हणायचे, "खरं आहे ते असं आहे." चहा रोज तेच करायचे, दाट.

परीक्षेच्या दिवशी मैदानावर पातळ धुकं होतं. उमेदवारांचे नातेवाईक दोरीपलीकडे उभे होते. ती नंबर छातीला लावून रांगेत उभी राहिली, आणि तेवढ्यात दोरीपाशी गडबड ऐकू आली.

"आजोबा, आत येता येणार नाही."

"आत येत नाहीये. फक्त पलीकडच्या वळणाचं माप बरोबर आहे का तेवढं..."

"माप आमच्या लोकांनी घेतलंय, आजोबा!"

"घेतलं असेल. माणसाकडून चूक होते. मला विचारा."

तिनं डोळे मिटून घेतले. बाजूच्या उमेदवारानं विचारलं, "तुमचे कुणी आहेत का ते?"

"सर आहेत माझे," ती म्हणाली.

शिट्टी वाजली. पहिल्या फेरीत पाय थंडीनं लाकडासारखे होते. नंतर ते सैल झाले. मध्ये कुठेतरी छातीत आग पेटली आणि तिला वाटलं, आता बास, घड्या घालणं काही वाईट नाही, निदान तिथं ऊब असते. शेवटच्या वळणावर दोरीपलीकडून एक ओळखीचा आवाज फाटला, "हात! हात!" ती इतकी चिडली की त्या चिडीतच तिनं मुठी सैल केल्या, कोपरं मागे ओढली आणि समोरच्या दोघांना मागे टाकलं. रेघ आली. ती रेघेवरून तशीच पुढे काही पावलं गेली आणि गवतावर बसली.

घड्याळवाल्यानं तिचा नंबर मोठ्यानं वाचला आणि म्हणाला, "आत आहे. जेमतेम."

सर दोरीखालून वाकून आलेच. त्यांना अडवणाऱ्या माणसानंही आता हात टेकले होते. तिच्यासमोर उभं राहून त्यांनी तिला थोडा वेळ श्वास घेऊ दिला.

"शेवटी डावा हात खाली पडला होता," ते म्हणाले.

"बाबा!"

"इथं सर." मग त्यांनी खिशातून रुमाल काढून तिच्या हातात दिला आणि दुसरीकडे तोंड फिरवून बराच वेळ धुक्याकडे पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर टकटक झाली नाही.

ती जागी होती. छताकडे पाहत वाट बघत होती. नवरा घोरत होता, पांघरूण उबदार होतं, आणि सगळ्या हिवाळ्यात तिला जे हवं होतं ते अखेर मिळालं होतं. तरी तिला चीड येत होती. इतके दिवस झोपू दिलं नाही, आणि आज एकदम विसरले? तिनं हात पसरून पाहिला. मधली जागाही रिकामी होती.

तिनं फरशीवर दोन्ही पाय टेकवले, बूट चढवले आणि बाहेर आली.

रस्त्यावरचा बर्फ वितळून गेला होता, पण गारठा तसाच होता. पंपघरापाशी सर भिंतीला धरून एक पाऊल पुढे टाकून उभे होते, अगदी स्थिर. त्यांच्या मागच्या टाचेपाशी नात फितीचं टोक दाबून बसली होती आणि पुढच्या टाचेपाशी वाकून आकडा वाचत होती.

"नीट वाच. घाई नको," सर सांगत होते. "हे माझं आत्ताचं पाऊल. हे पाठ करायचं. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा मोजायचं, कारण ते बदललेलं असणार. आणि मी जुनंच धरून बसलो तर तू काय करायचं?"

नातीनं फीत सोडून हात वर केला.

"शाब्बास!"

बसथांब्यावरच्या माणसानं वळून पाहिलं. सरांनीही पाहिलं, आणि त्यांना ती दिसली.

"आलीस?" ते म्हणाले. "केवढा उशीर. घोटे फिरव."

"परीक्षा झाली, सर!"

"परीक्षा झाली. हिवाळा कुठं संपलाय?"

तिनं आभाळाकडे पाहून एक लांब उसासा टाकला, तो पांढरा होऊन तिच्या तोंडासमोर तरंगला. मग तिनं घोटे फिरवले, गुडघे फिरवले, खांदे फिरवले आणि कुणी विचारायच्या आधीच मुठी अर्धवट मिटून भिंतीच्या कडेनं पळत सुटली.